माळावरची भिंत कुणाची

आमच्या घराण्यानं तीन पिढ्या दुसऱ्यांची लग्नं सावलीत लावली. आजोबांनी कनाती शिवल्या, अब्बांनी बल्ल्या रोवल्या, आणि मी बारावीपर्यंत शिकलेला असल्यानं मंडपाला झालर आणली. बालाघाटातल्या वाशीच्या आसपास असं गाव सापडणार नाही जिथं आमचा मंडप पडला नाही. एक-दोन ठिकाणी तो खरोखरच पडला, पण पंगती उठल्यावर, त्यामुळं फार बोभाटा झाला नाही.

मग गावोगाव मंगल कार्यालयं झाली आणि आमच्या कनाती गोदामात उंदरांनी वापरायला घेतल्या. मी पंचेचाळिशीला आलेलो, गुडघे कुरकुरायला लागलेले. अशात शाळेतला दोस्त दिगंबर घरी आला. अभयारण्याच्या हद्दीला लागून, पण हद्दीच्या बाहेर, बालाघाटाच्या कडेवर त्याचा वडिलोपार्जित माळ होता. दगड आणि कुसळ सोडून तिथं काही पिकत नव्हतं.

"सलीम, पुण्याची माणसं म्हणं पैसे देऊन उघड्यावर झोपतात."

"आपल्याकडं उघड्यावर झोपलेल्याला उचलून घरी नेतात," मी म्हणालो.

"म्हणूनच आपण मागं राहिलो. माळ माझा, तंबू तुझे. बोल."

असा मी कॅम्पचा मॅनेजर झालो. घरी रजियानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळाला हात लावला. "अब्बांनी स्लॅबचं घर बांधून दिलं आणि हे चालले पालात राहायला." तरी दर रविवारी तीच माळावर येऊन पाहुण्यांसाठी भाकरी थापायची, कारण माझ्या हातची भाकरी खाऊन एका पाहुण्यानं ती सुरुवातीला ताट समजून बाजूला ठेवली होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तंबू ठोकला की कॅम्प झाला. तसं नाही. आमच्या माळावर वीतभर माती, खाली मुरूम. खुंटी दोन बोटं आत जाते आणि वाकडी होते. म्हणून ताणाच्या दोऱ्या दगड भरलेल्या पोत्यांना बांधायच्या. तंबूचं तोंड कधी वाऱ्याकडं करायचं नाही, नाहीतर तो पोट फुगवून बसतो आणि पहिल्या झोताला उडतो. भोवती चर खणायचा, त्याचा उतार तंबूपासून लांब. हे सगळं झालं की खरं काम सुरू होतं, म्हणजे पाहुणे येतात.

एकानं फोनवर विचारलं होतं, "रातकिडे साधारण किती वाजता बंद होतात?" मी म्हणालो, "साडेअकरा." मंडपवाल्याच्या धंद्यात 'माहीत नाही' किंवा 'नाही' म्हटलं की ऑर्डर गेली, हे अब्बांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. वरातीत शंभर माणसं वाढली, बसतील का? बसतील. पाऊस आला तर? येत नाही. त्याच जिभेनं मी कॅम्प चालवला. सोलापूरच्या एका कुटुंबानं कुकर, इस्त्री आणि ऐंशी वर्षांची आजी आणली होती. कुकर-इस्त्रीला वीज नव्हती म्हणून सगळे दोन दिवस तोंड पाडून बसले. आजी तेवढी माळाच्या कडेवर बसून समोरच्या उतारावरची काळवीटं मोजत राहिली आणि निघताना मला म्हणाली, "पुढच्या खेपेला ह्यांना आणू नका." तिला काय सांगू, त्यांनीच तिला आणलं होतं.

जागा मीच निवडली होती, आणि त्या निवडीचा मला भारी गर्व होता. अख्ख्या माळावर दोन पावलं सपाट टाकता येत नाहीत. पण मधोमध एक पट्टा असा की जणू कुणी हात फिरवून ठेवलाय. एक दगड नाही. गवत मऊ, दाट, आजूबाजूच्या कुसळासारखं टोचरं नाही. पन्नास पावलांवर झरा. आणि पश्चिमेला छातीइतक्या उंचीची, कोयत्यासारखी वाकलेली, नुसत्या दगडावर दगड रचलेली भिंत. वारं कसंही सुटलं तरी भिंतीमागं मेणबत्ती विझत नव्हती. दिगंबरला मी म्हणालो, "ह्याला डोळा लागतो. तीन पिढ्यांचा अनुभव आहे." अशी तयार जागा उजाड माळावर आली कुठून, हा प्रश्न तीन पिढ्यांच्या अनुभवाला पडला नाही.

पाहुण्यांना मात्र पडला. पहिल्याच हंगामात एका बाईंनी विचारलं, "ही भिंत कसली हो?"

जिभेला सवय होती. मी म्हणालो, "निजामाच्या फौजेची छावणी होती इथं."

बाईंचे डोळे मोठे झाले. मला हुरूप आला. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी त्या छावणीत घोडे आले. त्याच्या पुढच्यांना एक तोफ मिळाली. संक्रांतीपर्यंत रुसून आलेली एक बेगमसुद्धा भिंतीआड मुक्कामाला होती. घरात पोरांना गोष्टी सांगून सांगून तयार झालेला माणूस मी, इथं तर ऐकणारे पैसे भरून आलेले.

माघ संपता संपता एका सकाळी मी पाच-सहा पाहुण्यांना भिंतीपाशी उभं करून तोफ डागत होतो. मागं एक म्हातारा येऊन थांबला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, दोन्ही हात काठीवर. त्याच्यामागं उतारावर दीड-दोनशे मेंढरं, दोन घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड, आणि कडेवर कोकरू घेतलेली एक बाई. म्हाताऱ्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पाहुणे फोटो काढायला पांगल्यावर जवळ आला.

"कुणाची म्हनला ही भित?"

"निजामाची," मी जरा हळू म्हणालो.

"निजामाची कशाला आसंल? माझ्या आज्ज्याची हाय."

हे बिरूआबा. माणदेशाकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरायचे, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचे आणि पावसाच्या आत माघारी. रान खतवायला मेंढराच्या लेंडीसारखं दुसरं काही नाही, म्हणून शेतकरी त्यांना आपण होऊन बोलावतो आणि धान्य घालतो. वाटेतला हा माळ त्यांचा तळ. इथं ते मेंढ्या व्यायला थांबायचे. आज्ज्यानं दगड वेचले, वेचलेले दगड वाऱ्याच्या बाजूला रचले. बापानं भिंत वाकवून वाढवली. पिढ्यान् पिढ्या मेंढरं बसून बसून गवत तसं झालं होतं. दिगंबरच्या वडिलांना हे ठाऊक होतं. ते वारले, दिगंबर माळावर कधी फिरकला नव्हता, आणि मी त्यावर डोळा चालवला.

"मग आता कसं करायचं, आबा?"

"कसं म्हंजे? तुमी बी पालातलं, आमी बी पालातलं. जरा सरकून घ्या की."

मी चार तंबू सरकवले. मेंढरं भिंतीआड बसली. चार दिवसांत अकरा कोकरं झाली, आणि पाहुण्यांना तोफेची आठवण राहिली नाही. रजिया रविवारी आली ती भाकऱ्या सोडून आबांच्या सुनेपाशी, सरूपाशी, जाऊन बसली. ओल्या कोकराला गवताच्या मुठीनं पुसायचं कसं, नाही चोखलं तर आईच्या आचळाला लावायचं कसं, हे शिकून आली आणि मला म्हणाली, "एवढं काम तुमच्यानं एक दिवस होणार नाही."

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. आबा आले, आम्ही सरकलो. फक्त एक बदल झाला होता. आबा आसपास नसले की भिंत पुन्हा निजामाची व्हायची. कुणीतरी मोबाईलवर कॅम्पबद्दल लिहिताना 'निजामकालीन छावणीत मुक्काम' असं लिहिलं होतं, आणि फोन करणारे आधी तेच विचारायचे. मेंढपाळाच्या आज्ज्यासाठी पुण्याहून कोण येतं, असं मी मनाला समजावलं.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडाला दिगंबर म्हणाला, "एक पाटी लावू. इतिहास आहे तर दिसू दे." मजकूर मीच लिहिला. चांगली निळी पाटी, पांढरी अक्षरं. लिहिताना शोभा यावी म्हणून खाली एक ओळ वाढवली. अशा पाटीवर ती असतेच. दिगंबरनं पाटी भिंतीलगत सिमेंटमध्ये रोवली.

त्या वर्षी फाल्गुनात एका कंपनीची तीस माणसं तीन दिवसांसाठी यायची होती. तेवढी माणसं आमच्याकडं कधीच आली नव्हती. भिंतीआडचा पट्टा पूर्ण भरून मी दोन ओळींत तंबू उभारले, मधे सतरंज्या, कडेला अब्बांच्या काळची कनात. दुपारी पाहुणे येणार, आणि सकाळी नऊच्या सुमाराला आबा मेंढरं घेऊन उतारावर आले.

त्यांनी तंबू बघितले. मग मला बाजूला घेतलं.

"भाय, दोनच दिस द्या. आठ-धा मेंढ्या आज-उद्याच्या हायत. आन् आभाळ बी बरं दिसंना."

मी वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. मी काही बोलायच्या आत दिगंबर आला.

"आबा, ह्या खेपेला न्हाई जमायचं. मोठी माणसं हायत. वास, कुत्री, त्यांना चालत न्हाई."

"म्या कुत्री बांधून घालतो."

"तसं न्हाई ओ. आता इथं पाटीच लागलीय. ती बघा."

आबा पाटीपाशी गेले. वरपासून खालपर्यंत बघितली. "मला वाचाया येत न्हाय. काय लिवलंय, भाय?"

मला विचारलं होतं, म्हणून मी वाचलं. निजामकालीन लष्करी छावणी. ऐतिहासिक वास्तू. आणि ती खालची ओळ, भिंतीलगत जनावरे बांधू अगर बसवू नयेत. आयुष्यात मी शेकडो माणसांपुढं बोललोय, पण ती तीन वाक्यं मी स्वतःशी पुटपुटल्यासारखी वाचली.

"सरकारची हाय का पाटी?" आबांनी विचारलं.

"तसंच समजा," दिगंबर म्हणाला.

आबांनी माझ्याकडं बघितलं. एवढंच म्हणायचं होतं की पाटी मी लिहिली, गोष्ट मी रचली, भिंत तुमच्या आज्ज्याची. दहा शब्दसुद्धा नाहीत. निजामाची बेगम ज्याला एका दमात सुचली त्याला हे सुचेना. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पण तीस माणसं वाटेत होती, आणि मला 'नाही' म्हणता येत नाही असं मी जन्मभर सांगत आलोय, तर त्या दिवशी कळलं की कुणाला म्हणायचं त्यावर ते असतं. कंपनीला येत नव्हतं. आबांना आलं. तेसुद्धा तोंड न उघडता.

"सरकारची आसंल तर मग काय," आबा म्हणाले, आणि मेंढरांना शीळ घातली.

ते लांब गेले नाहीत. जाताच येत नव्हतं, मेंढ्या अडल्या होत्या. पूर्वेच्या उघड्या उतारावर त्यांनी वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती लांडग्याला अडवते, वाऱ्याला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला पश्चिमेकडून काळं निळं आभाळ चढलं. कंपनीची माणसं रस्सीखेच खेळत होती. वारं सुटलं तशी मी आरोळी ठोकली, सगळ्यांना तंबूत घातलं, पोती तपासली, दोऱ्या आवळल्या. मग गारा. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. वीस मिनिटं माळ पांढरा होत गेला. गारा तिरप्या येत होत्या, भिंतीवर फुटत होत्या, आणि आत आमच्या तंबूंना नुसते शिंतोडे. एक तंबू हलला नाही. एका माणसाला ओरखडा नाही. गारा थांबल्यावर त्यांच्या साहेबांनी माझा हात हातात घेतला. "जागेची निवड मानली तुमची." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच मी पूर्वेकडं धावत सुटलो.

मेंढरं डोकी खाली घालून एकमेकांना चिकटून उभी होती. सरू घोंगडं अंगावर ओढून ओणवी बसली होती. तिनं ते बाजूला केलं तेव्हा खाली चार कोकरं जिवंत होती. तिच्या मनगटांवर आणि पाठीवर गारांचे वळ उठले होते. बाकीची नऊ कोकरं आबा एका ओळीत ठेवत होते. एकेकाला उचलायचे, तोंडाला हात लावून बघायचे, ठेवायचे. दोन मेंढ्या पडल्या होत्या, त्यातली एक अर्धी व्यालेली.

"आबा," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. "तुमची मानसं बरी हायत का?"

"हायत. बरी हायत सगळी."

"झालं तर," ते म्हणाले, आणि पुढचं कोकरू उचललं.

सकाळी तिथं फक्त जाळीच्या खुंट्यांची भोकं होती.

रजियाला मी सगळं सांगितलं, पण माझ्या पद्धतीनं. आभाळ कसं भरलं, गारा केवढ्या होत्या. तिनं मधेच थांबवलं. "त्यांनी पाटी वाचायला सांगितली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" मी म्हणालो, वाचून दाखवली. ती भांडी घासायला निघून गेली. त्या वर्षी ती पुन्हा कॅम्पवर आली नाही.

पाटी मी काढली, पण लगेच नाही. हंगाम संपल्यावर, दिगंबरला न विचारता, छिन्नीनं सिमेंट फोडून. तो चार दिवस बोलला नाही. पुढच्या हंगामात मी भिंतीआडचा पट्टा मोकळा सोडला, तंबू उतारावर लावले. दिगंबरला सांगितलं, भिंतीत साप निघालेत. म्हणजे चांगल्या कामालासुद्धा खोटंच बोललो. पाहुण्यांनी विचारलं की भिंत कुणाची, तर सांगायचो, एका मेंढपाळाच्या आज्ज्याची. "अच्छा," म्हणायचे आणि काळवीट बघायला जायचे. माघ गेला, फाल्गुन गेला. आबा आले नाहीत. मेंढरं न बसल्यानं त्या पट्ट्यात गाजरगवत उगवायला लागलं. दोनदा उपटलं, पुन्हा आलं.

त्याच्या पुढच्या वर्षी परंड्याकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून कळलं की आबांचा तळ आता सोनारीच्या बाजूला पडतो. मी मोटरसायकल काढली. रजिया मागं येऊन बसली.

"तू कशाला?"

"तुम्ही एकटे गेलात तर तिथं गोष्ट सांगत बसाल."

सोनारीच्या अलीकडं, कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात मेंढरं बसलेली दिसली. सकाळचे दहा वाजले असतील. आबा थकले होते, पण ओळखलं. सरूनं रजियाचा हात धरला आणि दोघी चुलीपाशी गेल्या. मी सुरुवात केली. काय झालं आबा, त्या वर्षी कंपनीची माणसं, दिगंबरचा स्वभाव तुम्हाला माहीत... चुलीपासनं रजियाचा आवाज आला, "सरळ सांगा."

"पाटी सरकारची नव्हती," मी म्हणालो. "मी लिहिली होती. निजामाचं सगळं मीच रचलेलं. तुम्ही विचारलं तेव्हा मी गप बसलो."

आबांनी काठीनं एक मेंढरू आत वळवलं.

"ठाव हुतं," ते म्हणाले. "सरकारची पाटी आसती तर तुमी आसं बारीक आवाजात वाचली नसती."

मग मी म्हणालो की जागा मोकळी ठेवलीय. गेल्या वर्षीही ठेवली होती. आता कधीही या, दोन दिवस काय, महिनाभर राहा.

"भाय, म्या दोन दिस मागितलं तवा मेंढ्या अडल्या हुत्या. आता त्या दोन दिसाचं काय करू?" आवाजात राग नव्हता. बाजार उठल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. "ह्या रानाच्या मालकाला शबूद दिलाय. पोरगं बी हिकडनंच जायाचं म्हनतंय. वाट एकदा मोडली की मोडली."

सरूनं चहा आणला, मेंढीच्या दुधाचा, घट्ट. मी बांधावर बसून तो घ्यायला लागलो. वारं फिरलं आणि रानातली धूळ उठून माझ्या अंगावर यायला लागली. मी पाठ वळवली, कप हातानं झाकला. आबांनी ते बघितलं. बिऱ्हाडाची गाठोडी, पोती, घोड्यांची खोगिरं रचून त्यांनी एका बाजूला आडोसा केला होता. आत एक नुकतीच व्यालेली मेंढी आणि दोन कोकरं. आबा उठले. मेंढीला पायानं हळूच पलीकडं सारलं आणि घोंगडं झटकून तिथं अंथरलं.

"तिथं नका बसू भाय, वारं लागतंय. हितं या."

मी नको म्हणालो.

"या की. दोघांपुरती जागा हाय."

रजिया माझ्याकडं बघत होती. मी उठलो, आणि त्यांनी दाखवलं तिथं जाऊन बसलो.